झाकलेली प्रकरणं

मी रजा संपवून कामावर आले त्या सकाळी मास्तर संचालकांच्या खोलीत उभे होते. समोर खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी उभे. एका खुर्चीत पाय पसरून कंत्राटदार बसला होता, आणि त्याच्याकडे पाहूनच माझं डोकं फिरायला सुरुवात झाली.

मास्तर म्हणजे आमचे रेकॉर्डिस्ट. आमची संस्था अंध वाचकांसाठी पुस्तकं आवाजात उतरवते. वाचणारा काचेपलीकडे बसतो, मास्तर अलीकडे. श्वास जरा मोठा आला, पान जरा वाजलं की ते असे काही खेकसतात की भल्याभल्यांना आपली शाळा आठवते. म्हणून मास्तर. मी इथली कॉम्प्युटरं सांभाळते. आणि वन्सं, माझ्या थोरल्या नणंदबाई, इथे पुस्तकं वाचायच्या. त्यांनी मला इथे चिकटवलं असं ज्याला त्याला वाटतं, ते साफ खोटं आहे. मी आधी होते. घरी रोज सकाळी वन्सं वर्तमानपत्र मोठ्याने वाचून आम्हाला हैराण करायच्या, तेव्हा एकदा वैतागून मीच म्हटलं, "वन्सं, इतकं वाचायचंच असेल तर आमच्याकडे येऊन वाचा, कोणाच्या तरी उपयोगी पडेल." त्या आल्या, आणि मग मुलांची पुस्तकं त्यांच्याशिवाय कोणी वाचावीत हे मास्तरांना पटेनासं झालं.

मग वन्संच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. त्या वेळी त्या एक जाडजूड कादंबरी वाचत होत्या, समुद्रातल्या दीपगृहावर वाढणाऱ्या बहीण-भावाची. डॉक्टरांनी तारीख सांगितली तेव्हा वन्संनी पुस्तकाची उरलेली पानं चाळून पाहिली आणि तारीख पुढे ढकलायला लावली. डॉक्टर रागावले, माझे यजमान रागावले, मी तर तोंडच सोडलं. वन्संनी कोणालाही भीक घातली नाही. सकाळी तपासण्या उरकायच्या आणि दुपारी बसलेल्या घशाने येऊन वाचायचं, असं करत त्यांनी पुस्तक संपवलं. घरच्या आणि हॉस्पिटलच्या धावपळीसाठी मी तेव्हापासूनच रजेवर होते.

"या, बसा," संचालक मला म्हणाले. "वाईट बातमी आहे. ताईंच्या पुस्तकाची शेवटची प्रकरणं नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"नाहीत म्हणजे नाहीत, मॅडम," कंत्राटदार म्हणाला. "रेकॉर्डच झालेली नाहीत."

माझ्या रजेत मशीनं बघायला संचालकांनी हा माणूस नेमला होता. घरून फोनवर काहीही विचारा, याचं उत्तर एकच: होऊन जाईल. प्रिंटर चालत नाही? होऊन जाईल. बॅकअप घेतला का? होऊन जाईल. मी मनात त्याचं नावच होऊन-जाईल ठेवलं होतं.

वन्संचं ऑपरेशन झालं होतं. त्या घरी होत्या, गळ्याभोवती पट्टी होती, आणि तोंडातून आवाज म्हणून काही निघत नव्हता. पुढेही निघणार नव्हता. ती प्रकरणं गेली असतील तर ती कायमची गेली, हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं. फरक इतकाच की होऊन-जाईलला त्याचं काही वाटत नव्हतं.

"तुम्ही मशीनला काय केलंत?" मी त्याला विचारलं.

"काही नाही. कर्नल नवीन टाकला. सुरक्षेसाठी लागतोच."

कर्नल म्हणजे मशीनचा गाभा. बाकी सगळं त्याच्या भरवशावर चालतं. तो बदलायला माझी हरकत नाही. पण बदलल्यावर मशीनजवळ थांबून एकेक गोष्ट चालते की नाही हे बघायचं असतं, आणि हा थांबला असेल यावर माझा काडीचा विश्वास नव्हता.

"मग? पेटी जोडली गेली?"

खालच्या खोलीत आमची सगळी रेकॉर्डिंगं साठवणारं एक मोठं यंत्र आहे, त्याला आम्ही पेटी म्हणतो. रेकॉर्डिंगच्या मशीनवर एक फोल्डर आहे, आणि मशीन सुरू झालं की नेटवर्कवरून ती पेटी त्या फोल्डरवर जोडली जाते. मास्तर फोल्डर उघडतात तेव्हा त्यांना पेटीतलं दिसतं, आणि ते रेकॉर्ड करतात ते पेटीत जातं. त्यांना या जोडणीची गंधवार्ताही नसते, आणि नसायलाच हवी. ती चिंता माझी.

"थोडा प्रॉब्लेम आला होता जोडणीचा," होऊन-जाईल म्हणाला. "पुढच्या खेपेला एक शब्द बदलला, झालं."

"पुढच्या खेपेला? म्हणजे मधले दिवस जोडणी नव्हती? अहो, मग त्या दिवसांतलं रेकॉर्डिंग पेटीत कसं..."

"थांबा," संचालक म्हणाले. "हे मीही विचारलं. जोडणी नसती तर फोल्डर रिकामा दिसला असता, बरोबर? आणि आपल्याकडे शेपूट ऐकल्याशिवाय कोणी वाचायला बसत नाही."

हे खरं होतं. तो नियम संचालकांनीच घातलेला आहे. रोज सुरुवातीला आदल्या दिवसाचं शेवटचं मिनिटभर वाचकाला ऐकवायचं, म्हणजे तोच सूर, तीच पट्टी पकडता येते. त्याला आम्ही शेपूट म्हणतो. फोल्डर रिकामा असेल तर शेपूट कुठून ऐकवणार?

"मी यांना स्पष्ट विचारलं," संचालक मास्तरांकडे बोट दाखवून म्हणाले. "त्या दिवसांत शेपूट लावलं होतंत का? म्हणाले, लावलं. म्हणजे फोल्डर भरलेला होता, म्हणजे पेटी जोडलेली होती. मग फाइली पेटीत हव्यात. पेटीच्या नोंदीत तर एकही नाही. याचा अर्थ यांनी बटण दाबलंच नाही. मरणाच्या दारात उभी असलेली बाई घसा फाडून वाचतेय, आणि हे महाशय..."

"मास्तर, लावलं होतंत?" मी विचारलं.

"लावलं होतं," मास्तर फरशीकडे बघत म्हणाले.

जोडणी नव्हतीच असं जे माझ्या मनात आलं होतं ते तिथेच अडकलं. मास्तर तोंडाळ आहेत, तिरसट आहेत, पण थापा मारणारे नाहीत. त्यांनी हो म्हटल्यावर ज्याच्यावर राग काढायचा तोच हाती लागत नसल्यासारखं झालं. संचालकांनी मास्तरांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. इतकी वर्षं ज्यांच्या कानावर संस्था चालली त्यांना, चहावाल्याला उद्या दूध कमी घाल म्हणावं तितक्या सहज.

"आणि ते मशीन?" मी विचारलं.

"दुपारी पूर्ण पुसतो आणि सगळं नव्याने टाकतो," होऊन-जाईल उठत म्हणाला. "म्हणजे पुन्हा कटकट नको. तासाभरात होऊन जाईल."

मास्तर आपला डबा आणि हेडफोन पिशवीत भरत होते तिथे मी त्यांना गाठलं. स्टुडिओच्या बाहेरच्या अरुंद जागेत जुन्या पुस्तकांचे गठ्ठे आहेत, त्यांच्यामध्ये.

"मास्तर, बटण दाबलं होतंत का नव्हतं?"

"मॅडम, तुम्हीपण?"

"मीपण. ती माझी नणंद आहे. तुम्ही विसरला असाल तर सांगून टाका, मी तुम्हाला इथेच चार शिव्या घालते आणि विषय संपवते. पण हे असं तोंड पाडून उभं राहू नका."

ते एकदम भडकले. "विसरलो? मी? त्यांच्या शेवटच्या ओळीपर्यंत आवाजाच्या मीटरवरची नजर हटली नाही माझी! शब्द न् शब्द उतरलाय. मी रेकॉर्ड केलंय. फोल्डरमध्ये फाइली दिसत होत्या मला, त्या दिवसांच्या."

"आणि आधीच्या? आधीच्या प्रकरणांच्या दिसत होत्या?"

मास्तर हेडफोनची वायर गुंडाळायला लागले.

"मास्तर."

"मी आधीच्या बघितल्याच नाहीत," ते म्हणाले. "शेपूट लावलं नव्हतं."

"अहो, मग आत काय सांगितलंत?"

"ताईंनी शपथ घातली होती." त्यांनी पिशवी खाली ठेवली. "म्हणाल्या, कालचा आवाज ऐकला की कळतं आज किती गेलाय, आणि मग आजचा निघतच नाही. शेपूट लावू नकोस. आणि हे कोणाला सांगू नकोस, घरी तर मुळीच नाही. मी घाबरलेय हे घरी कळता कामा नये. मॅडम, त्या काचेपलीकडे बसून रडायच्या, मग डोळे पुसायच्या, हात वर करायच्या, आणि वाचायला लागायच्या. मी काय सांगणार होतो आत? की त्यांना आपलाच आवाज ऐकवत नव्हता म्हणून?"

मला दोघांचाही भयंकर राग आला. घरी वन्सं आम्हाला असं दाखवत होत्या की जणू दाढ काढायला चालल्या आहेत. माझ्या भाजीला नावं ठेवत होत्या, भावाला कामाला लावत होत्या, हॉस्पिटलच्या पिशवीत मी कपडे कोंबले म्हणून सगळे बाहेर काढून पुन्हा घड्या घालत होत्या. आणि रडायला इथे येत होत्या, या खेकसणाऱ्या माणसापुढे. मी काय परकी होते? वन्संना मी नंतर याबद्दल बोलणारच होते, आणि बोललेही. पण त्या क्षणी दुसरीच गोष्ट डोक्यात लख्ख झाली.

शेपूट लावलंच नव्हतं. म्हणजे फोल्डर आधीपासून रिकामा असला तरी कोणाला कळलं नसतं. पेटी जोडलेली नसली तरी तो फोल्डर मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर असतोच. मास्तरांनी रेकॉर्ड केलं ते त्यात पडलं. मग या दीडशहाण्याने येऊन पेटी जोडली, आणि जोडणी त्या फाइलींच्या वर बसली. जमिनीवर काही ठेवलेलं असावं आणि कोणीतरी न बघता वरून सतरंजी अंथरावी, तसं. खाली सगळं जागच्या जागी, फक्त दिसत नाही. आणि तो माणूस जमीनच खणून काढायला निघाला होता.

"मास्तर, चला!"

आम्ही आत शिरलो तेव्हा होऊन-जाईल मशीनपुढे बसला होता. पेन ड्राइव्ह लावलेला होता आणि पडद्यावर भाषा निवडा असं येऊन थांबलं होतं. मी काही न बोलता त्याचा हात बाजूला केला आणि पेन ड्राइव्ह उपसून काढला.

"अहो मॅडम! हे काय चाललंय?"

"डिस्कला हात लावलास?" माझ्या तोंडून अरे-तुरे कधी निघालं मला कळलं नाही, आणि मी ते परतही घेतलं नाही.

"अजून नाही. आत्ता सुरूच करत होतो."

"नशीब तुझं. ऊठ तिथून."

मी मशीन पुन्हा चालू केलं आणि पहिल्यांदा जोडणीची ओळ वाचली. त्याने काय काय केलं होतं ते तिथे दिसत होतं. आमची जोडणी फार जुन्या पद्धतीने मागितली जायची, यूडीपी नावाच्या वाटेने. नव्या कर्नलने ती वाट बंद केली आहे. त्यामुळे अपडेट झाल्यावर पेटी जोडली जाईना, आणि मशीन सुरू होतानाच अडून बसायला लागलं. यात त्याची चूक नाही. असं होतं, माझ्याही हातून झालं असतं. पण त्या ओळीत शेवटी आणखी एक शब्द होता: नोफेल. तो मी लिहिलेला नव्हता.

"हा कोणी टाकला?"

"मीच," तो म्हणाला. "मशीन सुरूच होत नव्हतं ना. त्या दिवशी मला दुसरीकडे जायचं होतं. नोफेल टाकलं की जोडणी नसली तरी मशीन अडत नाही. सुरू झालं. म्हटलं, जोडणीचं पुढच्या खेपेला होऊन जाईल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे तुला माहीत होतं! मशीन बिचारं ओरडून सांगत होतं की पेटी नाही, काम सुरू करू नका. आणि तू त्याच्या तोंडावर हात ठेवलास, मास्तरांना एका शब्दाने सांगितलं नाहीस, आणि निघून गेलास. वर आज येऊन यांच्या डोक्यावर खापर फोडलंस!"

"मला काय माहीत हे रेकॉर्ड करतील म्हणून?"

"रेकॉर्डिंगच्या खोलीत दुसरं काय करतात? भांडी घासतात?"

आरडाओरडा ऐकून संचालक दारात येऊन उभे राहिले. मला तेच हवं होतं. त्यांच्यासमोर मी पेटीची जोडणी सोडवली आणि फोल्डर उघडला. सगळी जुनी पुस्तकं दिसेनाशी झाली, आणि त्या मोठ्या रिकाम्या पडद्यावर वन्संची शेवटची प्रकरणं तेवढी उरली, मास्तरांच्या पद्धतीने नीट नावं दिलेली. मी आधी त्यांच्या दोन प्रती करून वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या. मग खुर्ची मास्तरांकडे सरकवली. मास्तर बसले, आणि त्यांनी शेवटचं प्रकरण लावलं.

आवाज आला. फाटलेला, खरखरीत, मध्येच हवाच नुसती येणारा, पण वन्संचाच. दीपगृहावरच्या त्या पोरीला रागावताना त्या मला रागवायच्या तशाच रागावल्या होत्या. माझे डोळे भरून आले आणि मला त्याचाही राग आला, कारण होऊन-जाईल बघत होता.

"छान," संचालक म्हणाले. "मिळालं म्हणजे प्रश्न मिटला. तुम्ही उद्या या हो," हे मास्तरांना. माफी नाही, काही नाही. मग त्यांनी आणखी जरा ऐकलं आणि नाक आक्रसलं. "पण आवाज फारच बसलाय. श्रोत्यांना हे कसं द्यायचं? एवढा शेवट नव्या वाचकाकडून घेऊन टाकू."

घेऊन टाकू! मी त्यांना काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. त्यातलं एवढंच सांगते की मास्तरांची माफी मागितल्याशिवाय मी कोणाच्या कॉम्प्युटरला हात लावणार नाही असं म्हटलं, आणि त्यांनी माफी मागितली, पुटपुटत का होईना. आणि शेवट ठेवायचा की टाकायचा हे वन्संच ठरवतील, असं म्हटलं.

ते म्हणून बसले खरी, पण घरी जाताना वाटलं, हे आपण काय बोलून बसलो. वन्संइतकी कडक वाचक आमच्याकडे दुसरी नव्हती. एका खोकल्यासाठी त्यांनी अख्खं पान पुन्हा वाचलेलं आहे. आणि हा आवाज तर त्यांना त्या दिवसांतही ऐकवत नव्हता. त्यांनी एकदा मान हलवली असती की संचालकांनी आनंदाने सगळं पुसलं असतं.

मी वन्संना सगळं सांगितलं, मास्तरांनी शपथ मोडली तेही. त्यांनी मोबाईलवर टाइप करून दाखवलं: मेला फितूर. मग: उद्या मला घेऊन चल.

दुसऱ्या दिवशी त्या काचेपलीकडे बसल्या नाहीत. अलीकडे, मास्तरांच्या शेजारी बसल्या, गळ्याभोवतीचा रुमाल नीट करून त्यांनी हेडफोन लावले. संचालक भिंतीला टेकून उभे होते. मी दाराशी. मास्तरांनी लावलं, आणि वन्सं डोळे मिटून ऐकत राहिल्या, एकामागून एक प्रकरण. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही म्हणता काही कळेना. एकदाही त्यांनी थांबवा म्हणून हात वर केला नाही. आवाज फुटला तिथे नाही, श्वास तुटला तिथे नाही.

शेवटचं प्रकरण अर्ध्यावर आलं आणि वन्संनी टाळी वाजवली.

आमच्याकडे वाचताना चूक झाली की वाचक टाळी वाजवतो. मास्तर थांबवतात, वाक्याच्या सुरुवातीला नेतात, आणि वाचक ते वाक्य पुन्हा वाचतो. मास्तरांचा हात सवयीने चालला. त्यांनी थांबवलं, मागे नेलं, रेकॉर्डच्या बटणावर बोट ठेवलं आणि वन्संकडे पाहून मान डोलावली, म्हणजे, घ्या. वन्संनी मोठा श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

मग दोघांनाही कळलं. मास्तरांनी बोट काढून घेतलं.

वन्सं अशा चिडल्या! मांडीवरचं पुस्तक उघडून त्यांनी ती ओळ मास्तरांपुढे आपटली. पुस्तकात होडी डावीकडे वळते, त्यांनी उजवीकडे वाचलं होतं. तेव्हा मास्तरांनी ते सोडलंच कसं म्हणून त्यांनी त्यांच्या दंडावर चापट मारली. मास्तर म्हणाले, "ताई, चुकलं माझं. मी मीटर बघत होतो." ते रडत होते. वन्संनी संचालकांकडे वळून एक बोट वर केलं: एक चूक. एवढ्या पानांत, तसल्या घशाने, एक. मग त्यांनी पुन्हा हेडफोन लावले आणि पुढे ऐकवा म्हणून खूण केली. आवाज चालेल का, हा प्रश्न त्यानंतर संचालकांनी काढला नाही.

पुस्तक तसंच श्रोत्यांकडे गेलं. मुलं हुशार असतात, त्यांच्या लक्षात येतं. अधूनमधून एखाद्या पोराचा फोन येतो की होडी उजवीकडे वळली तर खडकावर आपटेल, पायऱ्या डावीकडे आहेत, असं आधीच्याच प्रकरणात सांगितलंय. संचालक दर वेळी मला म्हणतात, अहो, एवढंसं वाक्य आहे, कोणाकडून तरी वाचून घेऊन दुरुस्त करून टाका. मी त्यांना उत्तर देत नाही. फोनवरच्या पोराला मात्र सांगते की तुझं बरोबर आहे, वाचणाऱ्या बाईंनाही ती चूक सापडली आहे, आणि त्या अजून त्यावर चिडलेल्या आहेत.